पवडीवाल्यांना खरंच 'काही होत नाही'?

महापालिका कर्मचाऱ्यांची दरवर्षी आरोग्य तपासणी करणं म्हणजे उधळपट्टी, असं सांगणारा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे पवडी कामगारांना, म्हणजे महापालिकेच्या गटार-रस्ते सफाईच्या कामावरच्या माणसांना, घाणीची सवय असते, त्यांना काही होत नाही. भरतीवेळी मेडिकल झालेलंच असतं. आणि तपासणीत काही निघालं तर उलट नोकरीच जाते.

यातला सवयीचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास यायचाच थांबतो. 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' असं ज्याला वाटतं, तोच आत कोसळतो. नाक सरावतं, फुफ्फुसं सरावत नाहीत.

लेप्टोचंही, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचंही तेच. 2019 ला आणि 2021 ला पंचगंगेचा पूर ओसरल्यावर गाळ कुणी उपसला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, हाताला चिरा पडलेल्या. उंदराच्या लघवीतले जंतू शिरायला तेवढी वाट पुरते. ताप बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी येतो, पोटऱ्या ठणकतात. माणूस तापाची गोळी घेऊन पुन्हा हजेरीला उभा. एकदा होऊन गेला म्हणून सुटका नाही, वेगळ्या प्रकारच्या जंतूने तो पुन्हा होतो. अशा दिवसांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेप्टो टाळण्यासाठी आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देता येतं. पण त्यासाठी कोण कुठल्या गाळात उतरलंय, याची नोंद आधी हवी.

भरतीचं मेडिकल त्या दिवसापुरतं असतं. वीस वर्षं रस्ता झाडून मावशींच्या छातीत किती धूळ गेली, ते त्या कागदावर कसं दिसणार? त्याला स्पायरोमेट्रीच (फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी) लागते, आणि ती आधीच्या वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते. बीपी-शुगर बघून सोडून देणारं शिबिर म्हणजे या कामाची तपासणी नव्हे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण झालेत का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, केएमटीच्या (महापालिकेच्या बससेवेच्या) ड्रायव्हरची नजर कशी आहे, हे त्यात आलं पाहिजे.

राहिली नोकरी जाण्याची भीती. ती खरी आहे, लोक त्यापायी दुखणी लपवतात. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम झेपत नसेल, तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे हजेरीच्या जागी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. आणि तपासणीच्या यादीत ठेकेदाराकडची माणसंही घ्या. चेंबरमधला गॅस कायम आणि कंत्राटी असा फरक करत नाही.