‘सोलर विदर्भाच्या उन्हात टिकत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ओलिताचे दिवस आले की गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात परत देत नाही. विदर्भाच्या ४५ डिग्रीत तर बंदच पडते. जुने झाले की विषारी कचरा. संशोधनाच्या नावावर नुसता पैसा उडतो.’ सोलर पंपाचा अर्ज भरायला निघालेला माणूस हे वाचून घरी बसतो, म्हणून लिहितो आहे.

विजेच्या परतफेडीचं आधी. पॅनल ज्यापासून बनतं ते सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड वीज लागते, हे खरं. पण २०-२५ वर्षांपूर्वी ०.३ मिलिमीटर जाड असणाऱ्या त्याच्या चकत्या आता साधारण निम्म्यावर आल्या. हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक तारेनं कापायला लागल्यापासून भुश्यात जाणारा मालही घटला. १९५४ चा सेल, म्हणजे अशा चकतीपासून बनलेला पॅनलचा वीज बनवणारा तुकडा, ६ टक्के ऊन विजेत बदलायचा. आजचं पॅनल २० टक्क्यांच्या वर आहे. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात ती वीज एक-दोन वर्षांत फिटते. पॅनल २५ वर्षं चालतं.

उन्हाबाबत मेसेज अर्धा खरा आहे. पॅनलवर लिहिलेले वॅट सेलचं तापमान २५ अंश धरून असतात. मे महिन्यात वर्ध्याची हवा ४५ वर गेली की सेल ६५ च्या पुढे जातो. जुन्या पॅनलची ताकद दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते, म्हणजे ४० अंशांना १६ टक्के. पंप बंद पडत नाही, पाणी कमी फेकतो. ‘टॉपकॉन’ नावाच्या नव्या प्रकारच्या सेलमध्ये संशोधकांनी ही घट ०.३ च्या आसपास आणली. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या अंबिया बहाराला भर उन्हाळ्यात पाणी लागतं, तिथं हा फरक मोलाचा आहे. गहू-हरभऱ्याचं ओलित तर हिवाळ्यात, पॅनल थंड असताना. तेही दिवसा! रातच्या लाइनीसाठी साप-रानडुकरांच्या भीतीत वावरात जाणाऱ्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

कचऱ्याचं म्हणाल तर वजनानं बहुतेक भाग काच आणि अ‍ॅल्युमिनियम. जोडकामात थोडं शिसं असतं आणि चिकटवलेले थर सोडवणं अवघड जातं. त्यावर काम चालू आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलही आहेत.

आता ‘उडालेला’ पैसा. चकती पातळ झाली, उन्हातली घट कमी झाली, ती याच पैशातून.

एजन्सी निवडताना पॅनलच्या माहितीपत्रकावर ‘टेम्परेचर कोइफिशंट’, म्हणजे दर अंशाला ताकद किती टक्के घटते तो आकडा, शोधा. उणे ०.४० पेक्षा उणे ०.३० वालं घ्या.