रांगेत चाललो, त्यात लाज कसली?

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब होणार आहे. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, नाहीतरी तेच करता.

बेळगावातल्या शहापूरला आमच्या नेहमीच्या चहाच्या गाड्यावर बसलो होतो. सगळे निवृत्त, बीपीच्या गोळ्यांवर चर्चा चाललेली. तेवढ्यात गल्लीतला एक पोरगा आला, कालच गोव्याहून परतलेला. मोबाइल काढून रील दाखवालाय. कळंगुटच्या समुद्रात वॉटर स्कूटर, म्हणजे तीच जेट स्की. जॅकेटची बक्कलं उघडी, दोन्ही बाजू वाऱ्यावर फडफडालायत. एक हात सोडून कॅमेऱ्याला दोन बोटं. मागे मित्र अर्धवट उभा. सगळे वा वा, भारी लेका.

मग कुणाला तरी माझा फोटो आठवला. गेल्या डिसेंबरात लेकीकडे दुबईला गेलो होतो तिथला, मीच इथे टाकलेला. बुर्ज अल अरब हॉटेलच्या समोर पाण्यात पाच जेट स्की ओळीने, पुढे गाईड, त्याच्या लगेच मागे मी. जॅकेट गळ्यापर्यंत आवळलेलं.

पोरगा म्हणतो, "मामा, शाळेच्या सहलीसारखं रांगेत काय चालालाय? आणि मनगटाला दावं कसलं बांधलंय, म्हशीला बांधतात तसं?"

हसले सगळे. "तेहतीस वर्षं बस चालवून शेवटी गाईडच्या शेपटीला!" हे वाक्य कुणाचं ते पुढे सांगतो, कारण खरं दुखलं ते तेच.

मी तिथे गप्प बसलो. बिल देऊन घरी आलो. आंघोळ करताना उत्तरं सुचली, ती आता वाचा.

पहिली गोष्ट. ते दावं नाही. जुन्या टेलिफोनला कुरळी वायर असायची ना, तशी लाल दोरी असते. एक टोक तुमच्या मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं इंजिनच्या बटणाला. तुम्ही पाण्यात पडलात की टोक निसटतं आणि इंजिन जागच्या जागी बंद. दोरी नसेल तर तुम्ही एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि तिच्या वाटेत कुणाचं डोकं असेल ते देवाला माहीत. म्हशीला तरी दावं कशासाठी बांधतात रे? ती दुसऱ्याच्या पिकात जाऊ नये म्हणून. मग बरोबरच आहे की.

दुसरी गोष्ट जरा नीट वाचा, ही तुमच्या रीलमध्ये येत नाही. त्या गाडीला ब्रेक नाही. नव्या काही मॉडेलना ब्रेकसारखं काहीतरी आलंय, आमच्या गाडीला नव्हतं. खालून पाणी ओढून घ्यायचं आणि मागच्या नळकांड्यातून पिचकारीसारखं फेकायचं, एवढ्यावर ती पळते. हँडल वळवलं की ते नळकांडं वळतं. सुकाणू वगैरे काही नाही. म्हणजे उजव्या हाताची वेगाची कळ सोडली, पिचकारी थांबली, की गाडी वळायचीही थांबते. पुढे मात्र जातच राहते, आपल्या वेगाने, सरळ.

आता विचार करा. माझा उजवा पाय तेहतीस वर्षांत एकच शिकलाय. आडवं काही आलं की ॲक्सिलरेटर सोड, ब्रेकवर ये. चोर्ला घाटात म्हैस आडवी आली, सोड. अनमोडला लाकडाचा ट्रक वळणावर उभा, सोड. झोपेतसुद्धा सोडतो, बायकोला विचारा. आणि इथे तो गाईड, फिलिपिन्सचा पोरगा, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, धक्क्यावर उभा राहून सांगतोय की समोर काही आलं तर कळ सोडू नका, थोडी दाबून ठेवा आणि वळा. लेक मराठीत करून सांगत होती. मी मान हलवत होतो. प्रवासी नाही का "पायरीवर उभे राहू नका" म्हटलं की मान हलवतात आणि तिथेच उभे राहतात, तशी.

हाताच्या खुणा शिकवल्या. हात वर म्हणजे थांबा. तळवा खाली दाबला की हळू. पुढच्या गाडीपासून पन्नास मीटर अंतर. मी मनात म्हटलं, मला शिकवतोस काय अंतर? बंदरातून बाहेर पडेपर्यंत पायी चालल्यासारखं नेलं त्याने, कारण आतल्या बोटींना लाट लागता कामा नये. मला कंटाळा आला. मोकळ्या पाण्यात आलो तेव्हा मीटरवर पन्नास दिसलं आणि खरं सांगतो, कणकुंबीच्या सरळ रस्त्यावर नवी गाडी पहिल्यांदा सोडली होती तो दिवस आठवला. मागे लेक कंबरेला धरून बसलेली. लहानपणी बसच्या बॉनेटवर बसायची ती.

आणि मग एक मोठी यॉट डावीकडून गेली. यॉट गेली, तिची लाट मागाहून आली. गाईडचा हात वर. माझ्या पुढच्या गाडीवर एक नवरा-बायको होते, ते एकदम थांबले. मी काय केलं?

सोडली कळ.

हँडल पूर्ण डावीकडे ओढलं आणि गाडी सरळ. सरळ त्यांच्याकडे. माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता, शपथ. पायाखाली ओलं रबर, दुसरं काही नाही. त्या बाईचं तोंड दिसत होतं मला. मागून लेक ओरडली, "बाबा, दाबा! दाबा!" दाबली. गाडी उसळून वळली, त्या दोघांच्या अंगावर घागरभर पाणी उडवून दहा-बारा फुटांवरून निघून गेली.

पन्नास मीटर होते म्हणून दहा-बारा फूट उरले. वीस मीटर असते तर आज हा मजकूर माझ्या लेकीने लिहिला असता, वेगळा.

गाईड आला. ओरडला नाही. आपल्याकडे ट्रेनिंगला ओरडतात, आईबहीण काढतात, मी पण काढलीय. त्याने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, मग आमच्या मधल्या जागेकडे दाखवली, आणि मला खूण केली की तू आता माझ्या मागे. एक नंबरला. वर्गातल्या वांड पोराला पहिल्या बाकावर बसवतात तसं. म्हणून त्या फोटोत मी गाईडच्या शेपटीला आहे! मोठा ड्रायव्हर म्हणून मान दिला नव्हता मला. चुकलो होतो, म्हणून होतो तिथे. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. जावयालासुद्धा नाही, आणि फोटो त्यानेच काढलाय.

आता हसा.

नाही, थांबा, अजून राग गेला नाही. तुम्ही घाटात घाबरता कारण दरी दिसते. पाण्यात दरी दिसत नाही, म्हणून माज येतो. गोव्याच्या त्या राइडला कळ खरं तर मागे बसलेल्या माणसाच्या हातात असते, पाच मिनिटं फिरवून आणतो, आणि हे येऊन सांगतात, "चालवली मामा!" काय चालवलीस? आकाशपाळण्यात बसून विमान चालवलं म्हणशील उद्या. आणि याच्या रीलमध्ये तर मागे तो माणूसही नाही, खाली वाळू दिसेल इतक्या उथळ पाण्यात गाडी फिरवालाय. खालून पाणी ओढते म्हटलं ना? वाळू पण ओढते. दुसऱ्याची भाड्याची गाडी आहे, तुझ्या बापाची असती तर फिरवली असतीस?

बरं, तुमचं एक मान्य. खर्च फार आहे. जावयाने आकडा सांगितला नाही, मी गपचूप मोबाइलवर दिरहमचे रुपये करून बघितले आणि रात्री जेवण कमी गेलं. तेवढ्यात आमच्या खानापूरच्या घराची अर्धी कौलं बदलून झाली असती.

आणि या सफरीचं "साइटसीइंग" हे नाव पण थोडं खोटंच आहे. चालू गाडीवर काय दिसतं? पुढच्याचा फवारा आणि चष्म्यावर मीठ. ते पाम बेट, खजुराच्या झाडाच्या आकाराचं, सगळ्या जगात फोटो आहेत त्याचे. पाण्यातून बघाल तर झाड नाही, खोड नाही, झावळ्या नाहीत. दगडांचा बांध आणि मागे बंगले, बस्स. झाड दिसतं ते विमानातून. मी लेकीला दोनदा विचारलं, "हेच काय ते?" ती चिडली.

पण गाईडने बुर्जसमोर इंजिनं बंद करायला लावली ना, तेव्हा मात्र गप्प झालो. ३२१ मीटर उंच. किनाऱ्यापासून २८० मीटर आत समुद्रात भराव टाकून आधी बेट केलं आणि त्यावर ही शिडाच्या आकाराची इमारत. १९९९ मध्ये सुरू झाली. आम्ही तेव्हा इथे कच्च्या साईडपट्टीवरून बस उतरवत होतो.  पाण्यातून बघितलं तर अख्खी इमारत आपल्यावर चालून आल्यासारखी. इंजिन बंद झाल्यावर गाडीच्या पोटाला पाणी लागून टपटप आवाज यायला लागला. माझे हात अजून थरथरत होते, मघाच्या त्या प्रकाराने. लेकीने मागून माझ्या पाठीवर गाल टेकला. ती पण काही बोलली नाही. तेवढ्यासाठी कौलं राहिली तर राहू देत.

आता ते वाक्य. "तेहतीस वर्षं बस चालवून शेवटी गाईडच्या शेपटीला." म्हणणारा कोण? माझा कंडक्टर. अकरा वर्षं एका गाडीवर काढली आम्ही. बैलहोंगलचा, घरी कन्नड, माझ्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी, शिव्या दोन्हीत. सीमेवर तापलं की कुणीतरी बसला काळं फासायचं, कधी इकडचे, कधी तिकडचे, आणि डेपोत आम्ही दोघं रॉकेलच्या बोळ्याने ते पुसत बसायचो.

त्याला विसर पडला असेल म्हणून आठवण देतो. जुलै महिना, पणजीची संध्याकाळची गाडी, कणकुंबी सोडून चोर्ल्याला लागलो. असं धुकं की हेडलाइट लावला तर समोर पांढरी भिंत, आणि नाही लावला तर काळी. उजवीकडे की डावीकडे दरी, ते मला माहीत होतं, पण रस्ता कुठे संपतो ते दिसेना. मी गाडी उभी केली. आत चाळीस-बेचाळीस माणसं, एक बाळंतीण. हा बाबा काही न बोलता खाली उतरला. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात बॅटरी. रस्त्याच्या कडेने पुढे चालायला लागला, बॅटरीचं तोंड माझ्याकडे करून. "बर्री, बर्री... निंद्री!" म्हणजे या, या... थांबा! मी पहिल्या गिअरमध्ये त्या पिवळ्या ठिपक्याच्या मागे. तो थांबला की मी थांबायचो. तो वळला की मी वळायचो. दीड-दोन किलोमीटर असतील, तासभर लागला. त्याच्या पायाला जळवा लागलेल्या, साखळीला पोचल्यावर चहाच्या टपरीत बसून मीठ लावून काढल्या.

त्या दिवशी नाही बोललास, मित्रा, की बस चालवणारा माणूस बॅटरीच्या शेपटीला चाललाय. बाळंतिणीच्या नवऱ्याने तुझ्या पाया पडल्यासारखं केलं होतं.

मग आज का रे हसलास?

जाऊ दे. त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, हसायला तरी काहीतरी पाहिजे त्याला. त्या पोरालाही माझं एवढंच, पुढच्या वेळी बक्कलं लाव. दोरी लाव. मी शिकवतो हवं तर, गुरुवारी सकाळी मोकळा असतो.

एडिट: पोस्ट टाकून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोवर कंडक्टरचा फोन आला. मला वाटलं, सॉरी म्हणेल. म्हणतो, "सगळं बरोबर लिहिलंस. फक्त बॅटरीचे तीन सेल मी माझ्या पैशांनी घातले होते, ते तू अजून दिलेले नाहीस."