रातकिडा यांच्या कॉमेंटला उत्तर: भीती कमी, रडारड जास्त?

रातकिडा, कोरियन भुतांच्या पिक्चरांवरच्या माझ्या पोस्टवरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं अर्धं बरोबर आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कोरियन हॉस्पिटलवाल्या भुतांचं मी उगाच कौतुक केलंय, 'एपिटाफ' या पिक्चरमधे भीती कमी नि रडारड जास्त, तीन गोष्टींचा एकमेकींशी ताळमेळ नाही, रहस्य धड सुटत नाही, आणि वर मी माहिती चुकीची दिली.

माहितीचं आधी. चूक कबूल. 'गोंजियाम' हा दुसरा पिक्चर त्याच नावाच्या खऱ्या पडक्या मनोरुग्णालयात शूट केलाय असं मी ठोकून दिलं होतं. परवानगी कुठली, जागेचा मालक उलट पिक्चर थांबवायला कोर्टात गेला होता, कोर्टाने त्याचं ऐकलं नाही एवढंच. शूटिंग झालं बुसानमधल्या एका बंद शाळेत. खरं हॉस्पिटल १९९६ मधे बंद पडलं ते सांडपाणी आणि पैशांच्या भानगडींमुळे, पेशंट मेले डॉक्टर गायब झाला वगैरे सगळ्या नंतरच्या वावड्या. २०१८ ला पिक्चर आला नि त्याच वर्षी इमारत पाडली.

पण 'एपिटाफ'बद्दल नाही पटलं. २००७ चा पिक्चर, दोघा जुंग भावांनी मिळून केलेला, त्यातल्याच जुंग बम-शिकने पुढे 'गोंजियाम' केला. गोष्ट घडते १९४२ मधे, सोलवर जपानचं राज्य असताना, एका हॉस्पिटलात. तिथे शवागारात रात्रपाळी करणारा एक शिकाऊ डॉक्टर आहे, अपघातातून एकटीच वाचलेली असाको नावाची छोटी मुलगी आहे, आणि एक डॉक्टर नवराबायको, ज्यात नवऱ्याला एक दिवस दिसतं की बायकोची सावलीच पडत नाहीये. तुम्ही विचारता यांचा संबंध काय. अहो तिघांनाही गेलेलं माणूस सोडवत नाहीये, हाच संबंध! भूत इथे सूड घ्यायला येत नाही, जिवंत माणूसच त्याला धरून बसलाय.

शवागारातल्या गोष्टीचा शेवट तुम्हाला ओढूनताणून वाटला. त्यात एक गोम आहे, मेलेल्यांची लग्नं लावायची प्रथा कोरियात आहे. लग्न न होता गेलेल्या मुलीचं भूत, छन्यो ग्विशिन, तिकडे सगळ्यात वाईट समजतात, पांढरे कपडे मोकळे केस वगैरे. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा असतो ना, सोडमुंज न होता गेलेला, तसंच काहीसं, काहीतरी अर्धवट राहिलं म्हणून अडकलेलं. ते डोक्यात ठेवून शेवटची दहा मिनिटं बघा.

आणि भीती कमी? असाकोच्या खाटेशेजारी तिची आई येऊन बसते तो सीन तुम्ही स्किप केला होता का खरंच सांगा. ती झेप घेत नाही, म्युझिक ढँण करून वाजत नाही, नुसती बसते आणि तोंडातून भराभर काहीतरी बडबडते, शब्द एकही कळत नाही. मी बाबांसोबत हॉस्पिटलात आठ रात्री काढल्यात, शेजारच्या खाटेवरच्या आजी रात्री अडीचला अश्शाच बोलायच्या, कोणाशी ते कळायचं नाही, नर्स येऊन पांघरूण सारखं करून जायची. त्यामुळे तो सीन मी पॉज करून दिवा लावून मग पुढे बघितला. हे माझं वैयक्तिक झालं, मान्य.

डॉक्टर नवराबायकोच्या तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र तुमचंच खरं. त्यातला खुनांचा तपास मधेच लंगडतो, आणि सावलीचा उलगडा एवढा घाईत उरकलाय की मला परत मागे जाऊन बघावं लागलं.

असाकोवाला भाग एकदा हेडफोन लावून बघा आणि कळवा. 'गोंजियाम'ची ती ओळ पोस्टमधून आत्ताच काढतोय.