‘जीन टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे एंडोमेट्रिओसिस’ हे खरं नाही

‘इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जीनमध्ये बदल सापडला तर एंडोमेट्रिओसिस होणारच, नाही सापडला तर निर्धास्त राहा,’ असा मेसेज सध्या फिरतोय. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं आवरण गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. मेसेजमधली दोन्ही अर्धी वाक्यं चूक आहेत.

मेसेजमधला ‘पीव्हीयू-टू’ बदल म्हणजे ईएसआर-१ या जीनमधलं (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणारं प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, बनवणारा जीन) डीएनएचं एकच अक्षर: टी च्या जागी सी. तेही पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनण्याआधीच कापून टाकल्या जाणाऱ्या भागात. रिसेप्टरची रचना त्यानं बदलत नाही. काही अभ्यासांत आजाराशी संबंध दिसला, काहींत अजिबात नाही.

आनुवंशिकता खोटी नव्हे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून तिचा वाटा साधारण निम्मा निघतो. पण २०२३च्या मोठ्या जनुकीय विश्लेषणात एंडोमेट्रिओसिसशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. ईएसआर-१ चा परिसर त्यांतला एक, आणि प्रत्येक जागेचा परिणाम चिमूटभर. त्यातली एक तपासून भविष्य कसलं सांगता?

निदान लक्षणं, तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि गरज पडल्यास लॅप्रोस्कोपीवरून (पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीवरून) होतं. पाळीत अंथरुणाला खिळवणारं दुखणं असेल, तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आहे म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं टाळू नका.