‘बाराव्या मजल्यावरून’ यांस: नोकियाला सगळं दिसत होतं, हे मान्य

नमस्कार,

‘बाराव्या मजल्यावरून’ हे टोपणनाव बघूनच वाटलं होतं की तुम्ही एखाद्या मोठ्या कंपनीत प्लॅनिंगच्या खुर्चीत बसत असणार. प्रतिक्रिया वाचून खात्रीच पटली, कारण इतकं नेमकं बाहेरच्या माणसाला झोंबवता येत नाही. मोठ्या टेक कंपन्या आपली दिशा कशी ठरवतात आणि आजूबाजूची परिस्थिती कशी जोखतात, यावरचा माझा लेख तुम्ही पार सोलून काढलात. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. हा सगळा दर वर्षी कागदी घोडे नाचवण्याचा कार्यक्रम आहे. नोकियाकडे विश्लेषकांची फौज होती तरी नोकिया बुडाली. मी सांगितलेली इंटेलची गोष्ट म्हणजे ‘दोन थोर माणसांची दंतकथा’. आणि मी स्वतः कधी बजेटच्या बैठकीला बसलेला दिसत नाही. शिवाय जाता जाता एक प्रश्न: ‘मग आमच्या पेस्टलच्या तक्त्याचं काय करायचं, फ्रेम?’ (पेस्टल म्हणजे बाहेरची परिस्थिती राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर अशा सहा रकान्यांत मांडायचा तक्ता.)

उत्तराला चार दिवस लागले, कारण इंटेलच्या मुद्द्यावर मला माझंच लिखाण पुन्हा तपासावं लागलं. तिथे तुमचं बरंचसं खरं आहे, म्हणून आधी तेच.

मी लिहिलं होतं ते असं. १९८५ साली जपानी मेमरी चिप्सनी इंटेलला जेरीस आणलं होतं. इंटेलचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूर यांना विचारलं, बोर्डानं आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच ते का करू नये, असं म्हणून दोघांनी ते केलं. हा प्रसंग खुद्द ग्रोव्ह यांनीच सांगितलेला आहे, तेव्हा दंतकथा म्हणणं जरा जास्तच झालं. पण मी तो असा रंगवला, की जणू निर्णय त्या खोलीतच जन्माला आला. तसं झालं नव्हतं.

इंटेलमध्ये कारखान्यांची क्षमता वाटून देण्याचा एक नियम होता: एका वेफरमागे (ज्यातून चिप्स कापून काढतात ती सिलिकॉनची चकती) ज्या मालातून जास्त मार्जिन सुटतं, त्याला आधी जागा. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर बसला आणि प्रोसेसरची मागणी वाढली. मेमरीचे भाव तर घसरतच होते. उत्पादनाचं वेळापत्रक लावणारी मधल्या फळीतली माणसं नियमाला धरून मेमरीचे वेफर काढून प्रोसेसरला देत राहिली. कुणी घोषणा केली नाही, कुणी ठराव मांडला नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट बर्गलमन यांनी हे पुढे तपशिलात मांडलं. वरची मंडळी स्वतःला मेमरी कंपनी म्हणवत होती तेव्हा आठांपैकी एकाच कारखान्यात डीरॅम, म्हणजे त्याच मेमरी चिप्स, बनत होतं, आणि संशोधनाचा साधारण एक तृतीयांश खर्च मात्र अजून त्याच डीरॅमवर चालला होता. कारखाना केव्हाच घर सोडून गेला होता आणि वडीलधारे त्याचं ताट वाढून बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, बघा, नियोजन नव्हतंच, एका हिशेबाच्या नियमानं काम केलं. थांबा. याच कंपनीचा वीस वर्षांनंतरचा प्रसंग घ्या.

ॲपल आपल्या फोनच्या चिपसाठी इंटेलकडे आली होती. पॉल ओटेलिनी २०१३ मध्ये सीईओपदावरून जाताना एका मुलाखतीत त्याबद्दल मोकळेपणानं बोलले. ॲपल देऊ करत होती ती किंमत इंटेलनं काढलेल्या अंदाजी खर्चाच्या खाली होती, म्हणून फिसकटलं. नंतर उमगलं की खर्चाचा अंदाजच चुकला होता आणि खप सगळ्यांच्या कल्पनेच्या शंभरपट निघाला. मनातून होकार द्यावासा वाटत होता, हेही त्यांनी कबूल केलं. दरम्यान २००६ मध्ये इंटेलनं हातात असलेला एक्सस्केल हा मोबाइल चिपचा धंदा मार्व्हेलला ६० कोटी डॉलरला विकून टाकला होता. २००७ साली आयफोन आला तो सॅमसंगनं बनवलेल्या, एआरएम या ब्रिटिश कंपनीच्या रचनेवर बेतलेल्या चिपवर.

हे माझं वाचन आहे, इंटेलनं असं कुठे म्हटलेलं नाही: १९८५ मध्ये ज्या हिशेबी शिस्तीनं कंपनी तरली, तिनंच मोबाइलच्या दारात पाय अडवला. तेव्हा नवा धंदा जास्त मार्जिनचा होता, म्हणून हिशेब आपोआप योग्य बाजूला ढकलत गेला. मोबाइलमध्ये नवा धंदा कमी मार्जिनचा आणि प्रचंड खपाचा होता. हिशेबाला आपल्या आतला खर्च दिसतो. जगात उद्या किती लोक खिशात संगणक घेऊन फिरणार आहेत, हे त्याला कुणीतरी बाहेरून येऊन सांगावं लागतं. लेखात मी बाह्य परिस्थितीच्या विश्लेषणाची बाजू घेतली ती याच कामासाठी.

नोकियाबद्दल तर मी तुमच्याही एक पाऊल पुढे जातो. त्यांच्याकडे नुसती विश्लेषकांची फौज नव्हती, माल होता. ७७१० हा स्पर्शपडद्याचा फोन त्यांनी २००४ मध्ये जाहीर केला. २००५ मध्ये लिनक्सवर चालणारी ७७० ही छोटी इंटरनेट टॅब्लेट काढली. फोनमध्ये नकाशे लागणार हे ओळखून २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नॅव्हटेक ८१० कोटी डॉलरला घेण्याचा सौदा केला. स्पर्श, इंटरनेट, नकाशे: पुढच्या दहा वर्षांची यादीच म्हणा ना! आणि २०१३ मध्ये तो फोनचा धंदा ५४४ कोटी युरोत मायक्रोसॉफ्टला द्यायचं ठरलं.

मग अडलं कुठे? टिमो वुओरी आणि क्वी हुई या दोन अभ्यासकांनी नोकियातले वरिष्ठ, मधले व्यवस्थापक, इंजिनियर आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांशी बोलून एक अभ्यास केला. त्यात सापडलं ते असं: वरची माणसं प्रतिस्पर्ध्यांना आणि भागधारकांना घाबरत होती, मधली माणसं वरच्यांना घाबरत होती. सिंबियन ही नोकियाच्या फोनची ऑपरेटिंग सिस्टीम वेळेत जमणार नाही हे मधल्यांना ठाऊक होतं, पण तसं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. वरच्यांनी जास्त मागितलं, खालच्यांनी हो म्हटलं. यावरून तुम्ही ‘विश्लेषण निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढता. मला दिसतं ते वेगळं. विश्लेषण होतं, आणि ते दुसऱ्या मजल्यावरून बाराव्या मजल्यावर पोचेपर्यंत पाणी घातल्यासारखं पातळ झालं.

आणि हे पाणी कसं घातलं जातं ते मी पाहिलं आहे, कारण मी बजेटच्या बैठकीला बसलो आहे. नाव घेत नाही, पण एका मोठ्या कंपनीच्या प्लॅनिंग विभागात काही वर्षं काढली. एका वार्षिक आराखड्यात मी एक ओळ लिहिली होती: ‘हा भाग एकच पुरवठादार देतो, तो थांबला तर चौदा आठवड्यांत आपली असेंब्ली थांबेल.’ शेजारचा चौकोन लाल. माझ्या साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, आकडा वर फार बोचेल. ओळ झाली: ‘पुरवठ्यात काही प्रमाणात एकवटलेपणा आहे.’ चौकोन पिवळा. त्यांच्या वरच्यांकडून परत आली तेव्हा होती: ‘पुरवठा साखळीवर बारकाईनं लक्ष ठेवले जात आहे.’ हिरवा. तीन पायऱ्यांत तीन रंग, आणि यात कुणीही एक शब्द खोटा बोललेलं नाही. पुढे त्या पुरवठादारानं तो भाग बनवणं बंद केलं तेव्हा आमच्याच एका संचालकांनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

ते तिसरं वाक्य पुन्हा वाचा. लक्ष ठेवले जात आहे. कोण ठेवतंय? शाळेत कर्मणी प्रयोगाचे मार्क मिळायचे, कंपनीत बढती मिळते. म्हणूनच जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइडा हद्दपार करून सलग वाक्यांतलं टिपण सक्तीचं केलं, ही मला नुसती लहर वाटत नाही. बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून तेच टिपण वाचतात. सलग वाक्य लिहायला बसलं की कर्ता गाळणं अवघड जातं, निदान मराठीत तरी ते लगेच उघडं पडतं. अर्थात पानंच्या पानं लिहूनही माणूस थापा मारू शकतोच. त्याला जास्त कष्ट पडतात, इतकंच.

एका गोष्टीत मात्र मी लेखात फाजील आशावादी होतो, आणि ते तुम्ही दाखवायचं सोडलंत म्हणून मीच दाखवतो. कधी कधी सगळं दिसतं, वर सांगितलंही जातं, आणि तरी करण्यासारखं फारसं काही उरत नाही. ॲपलनं जून २०२० मध्ये जाहीर केलं की एखाद्या ॲपला वापरकर्त्याचा माग इतरत्र काढायचा असेल तर आधी त्याची परवानगी विचारावी लागेल. एप्रिल २०२१ पासून ती चौकट फोनवर दिसू लागली. अशा मागावर जाहिराती विकणाऱ्या फेसबुकला हे आधीच कळलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन विरोधही केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाच्या (फेसबुक कंपनीचं २०२१ पासूनचं नाव) वित्तप्रमुखांनी सांगितलं की त्या वर्षी याचा फटका सुमारे १,००० कोटी डॉलरचा असेल, आणि दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्क्यांनी आपटला. २०२० साली बसून उत्तम विश्लेषण केलं असतं तरी काय हाती लागलं असतं? दुसऱ्याच्या फोनवर आपलं दुकान आहे, हा प्रश्न २०१३ चा होता, जेव्हा फेसबुकनं एचटीसीबरोबर स्वतःचा फोन काढून बघितला आणि तो चालला नाही.

आणि ती परवानगीची चौकट तुमच्या पेस्टलच्या कुठल्या रकान्यात बसते हो? राजकीय नाही, आर्थिक नाही. तांत्रिक म्हणावं तर तंत्र साधंच आहे. कायदेशीर म्हणावं तर कायदा कुणी केलेला नाही; एका कंपनीनं दुसरीला घातलेली अट आहे. हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या, धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच बलांत ती थोडी बरी बसते, ‘पुरवठादाराची ताकद’ म्हणून, पण फेसबुकच्या पुरवठादारांच्या यादीत ॲपलचं नाव लिहायला किती जण धजावले असते?

तेव्हा तक्त्याचं काय करायचं, तर फ्रेम नको. रकाने राहू द्या, त्यांनी निदान एखादी दिशा बघायची राहून जात नाही. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा. कुठला आकडा कुठे गेला की आपण मत बदलणार. तो आकडा दर महिन्याला कोण बघणार, विभागाचं नाही, माणसाचं नाव. आणि मत बदललं तर कुठल्या कामाचे पैसे काढून कुठे देणार. तिसरा रकाना भरताना खोलीत जी शांतता पसरते ती तुम्ही ऐकली असेलच. आमच्याकडे तो दोनदा छापून आला आणि दोन्ही वेळा कोराच वर गेला.

मूळ लेखातला इंटेलचा परिच्छेद आज बदलतो आहे. जुना खोडलेल्या रूपात तसाच ठेवतो, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. ‘दंतकथा’ हा शब्द मात्र मी मान्य केलेला नाही, त्यावर भांडायचं असेल तर या.