पुंगळीच्या बुडावरची रेघ

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेली पुष्कळ माणसे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती घरी नेऊन साफ करतात, साच्यात दाबून तिचा आकार पूर्ववत करतात आणि नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून तीच पुंगळी पुन्हा वापरतात. अशा पुंगळ्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या बुडावर शाईने खूण करण्याची तेथे रीत आहे. वरवर पाहता ही अगदी किरकोळ गोष्ट वाटते. मात्र पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी केलेल्या आणि आता देवगड तालुक्यात आंब्याच्या बागेत रमलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या रेघेत बरेच काही दिसले, आणि आपल्याकडच्या परवानाधारकांनीही त्यातून काही घ्यावे असे वाटते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

गेल्या हिवाळ्यात ॲरिझोनात पुतण्याकडे असताना त्याच्याबरोबर रेंजवर जाण्याचा योग आला. तो तेथे कायम वास्तव्याचा परवाना असलेला रहिवासी आहे, त्यामुळे त्याला बंदूक बाळगता येते. माझ्यासारख्या पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, तेथील संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. उभी हयात हत्यारांच्या संगतीत काढलेल्या माणसाला मागच्या बाकावर हात बांधून बसणे जड गेले, तरी बघण्यासारखे पुष्कळ होते.

त्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरलेली काडतुसे बूड वर करून ओळीने उभी होती आणि प्रत्येकाच्या बुडावर आरपार एक हिरवी रेघ होती. ही रेघ तो एकेका काडतुसावर काढत बसत नाही. डब्यातल्या ओळीवर फूटपट्टी धरून न पुसणारा मार्कर एका दमात फिरवला की सारी ओळ रंगते. रेघ अर्थातच मधल्या टोपीवरूनही जाते. ही टोपी म्हणजे प्रायमर, घोड्याची पिन जिच्यावर आदळते ती. गंमत अशी की बार झाल्यावर जुनी टोपी काढून नवी बसवली की रेघ मधोमध तुटलेली दिसते. तुटलेली रेघ दिसली म्हणजे ही पुंगळी भरली गेली आहे, पण तिची नोंद अजून नव्याने व्हायची आहे, हे डब्यावर नजर टाकताच कळते. हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. तो घरी टोप्या बसवत असताना शेजारी बसल्यामुळे लक्षात आले, आणि खरे सांगायचे तर पुतण्याचे कौतुक वाटले.

खुणेची गरज का पडते, हे रेंजवर पाच मिनिटे उभे राहिले की समजते. बोल्ट मागे ओढून एकेक बार काढणाऱ्या रायफलीत पुंगळी नेमबाजाच्या हाताशीच राहते, तिथे प्रश्न येत नाही. आपोआप भरणारे पिस्तूल किंवा रायफल मात्र रिकामी पुंगळी बाजूला काही फूट भिरकावून देते, आणि शेजारच्या माणसाच्याही पुंगळ्या त्याच जमिनीवर पडत असतात. दोघांचे पिस्तूल नऊ मिलिमीटरचे आणि दोघांनी काडतुसे एकाच कंपनीची घेतलेली, मग बुडावरचा कारखान्याचा ठसाही सारखाच. आपल्याकडे जुन्या रायफलींच्या काडतुसांवर के एफ ही अक्षरे आणि वर्षाचे आकडे असत. के एफ म्हणजे किर्की, अर्थात खडकीचा १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना. ओएफव्ही म्हणजे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव. या ठशावरून पुंगळी कोठे तयार झाली ते कळते. ती पुढे कोणाच्या हातून किती वेळा उडाली, याचा त्यात काहीच पत्ता लागत नाही.

आता माझा मुद्दा. या रेघेकडे बहुतेक लोक मालकीची खूण म्हणून पाहतात. आपल्या घरात तांब्यावर, परातीवर नाव घालून घेतात, लग्नाकार्यात शेजारी गेलेले भांडे बिनबोभाट परत यावे म्हणून. तसेच हे, असे रेंजवरच्या काही जणांचेही म्हणणे होते. पितळ महाग आहे, पुन्हा भरायच्या काडतुसात पुंगळी हाच बहुधा सर्वांत किमती भाग असतो, त्यामुळे मालकीचा भाग नाकारता येणार नाही. तरीही माझ्या मते मालकी हा त्या रेघेचा दुय्यम उपयोग आहे. तिचा पहिला उपयोग म्हणजे परकी पुंगळी आपल्या डब्यात येऊ न देणे, आणि दुसरा म्हणजे स्वतःच्या पुंगळीचे वय सांगणे. पुतण्या जमिनीवरून पुंगळ्या वेचताना बूड पाहून एकेक वेगळी टाकत होता, «काका, ही आपली नाही» म्हणत होता, आणि त्या टाकलेल्यांत चांगल्या लखलखीत पुंगळ्याही होत्या. फुकट मिळालेले पितळ सोडून देणारा माणूस मला विचारी वाटतो.

त्यामागचे कारण धातूत आहे. काडतुसाचे पितळ साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते. बार होताच पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही, मग दाब उतरताच किंचित आकसते, म्हणून ती बाहेर ओढता येते. पण असे फुगणे आणि नंतर साच्यात दाबले जाणे वारंवार झाले की पितळ ताठर होते आणि तोंडाशी चिरा पडतात. रायफलीच्या पुंगळीत धातू बुडाच्या थोडे वर ताणला जाऊन पातळ होतो आणि तेथे बाहेरून एक चकचकीत कडे दिसू लागते. जाणकार माणूस वाकवलेली तार आत घालून त्या जागी खोबण लागते का, ते चाचपतो, कारण तेथे पुंगळी तुटली तर वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. टोपीचे घरही सैल होत जाते. हे सगळे वापराच्या संख्येवर आणि भरलेल्या दाबावर अवलंबून असल्यामुळे, जिचा वापर ठाऊक नाही अशी पुंगळी दिसायला कितीही चांगली असली तरी ती भरवशाची नव्हे. शिवाय एका रायफलीत उडालेली पुंगळी त्या रायफलीच्या चेंबरचा आकार घेते, म्हणून दुसऱ्याच्या रायफलीतली पुंगळी आपल्या चेंबरमध्ये नीट बसेलच असे नाही.

म्हणूनच नुसती एक रेघ मला अपुरी वाटते. एका खेपेला एकत्र घेतलेल्या पुंगळ्यांना एक रंग, दर वेळी भरल्यावर डब्यावरच्या चिठ्ठीत एक नोंद, आणि एका डब्यातल्या पुंगळ्या सदैव त्याच डब्यात, एवढे पाळले तर त्या रेघेला अर्थ येतो. पुतण्याच्या डब्यावर अशी चिठ्ठी होती, पण तिच्यावरची शेवटची नोंद कधीची आहे हे त्यालाही सांगता आले नाही. तेवढ्यापुरता त्याला शस्त्रागारातला काका भेटला.

खूण कशाने करावी, याबाबत मात्र मी ठाम आहे. बुडावर पंच मारून किंवा कोरून अक्षर काढणे सर्वथा टाळावे. भरलेल्या काडतुसावर तर असा ठोका जिवावर बेतू शकतो, आणि रिकाम्या पुंगळीचेही बूड हाच सर्वाधिक दाब सोसणारा भाग असतो. पुंगळीच्या अंगावर नेलपॉलिश, चिकटपट्टी किंवा जाड रंगही नको, कारण ते अंग चेंबरला चिकटायचे असते आणि मध्ये थर आला की काडतूस अडकते. बुडावर मार्करची पातळ शाई पुरते. ती बाराने सहसा जात नाही. पोलादी पिना आणि साबणाचे पाणी घालून पिंपात घुसळले की बहुतांश निघते, मक्याच्या बुरकुंडांच्या कोरड्या भुशात घुसळले तर अर्धवट उरते. जुनी रेघ निघणे सोयीचेच असते, कारण नव्या फेरीला नवी रेघ काढता येते.

आपल्याकडे हे सारे का नाही, असा प्रश्न मला परवानाधारक मित्रांनी विचारला, आणि घरी काडतुसे भरता येतील का, असेही एकाने चाचपून पाहिले. त्याचे उत्तर सरळ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि रिकामी पुंगळी नव्याने भरणे म्हणजे काडतूस तयार करणेच होय. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची शिक्षा किमान सात वर्षांची, जन्मठेपेपर्यंत वाढू शकणारी झाली आहे. तेव्हा तो विषय आपल्यापुरता बंद. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलीतही तो निघत नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या पॉइंट टू टू काडतुसाची स्फोटक भुकटी बुडाच्या काठात भरलेली असते, तेथे वेगळी टोपी नसल्यामुळे त्या पुंगळीचा उपयोग एकदाच.

पण पुंगळीचा हिशेब हा आपल्याकडेही जुनाच संस्कार आहे. पोलीस दलाच्या किंवा एनसीसीच्या सरावात जितकी काडतुसे दिली तितक्या पुंगळ्या आणि न उडालेली काडतुसे परत जमा व्हावी लागतात. जांभ्याच्या माळरानावर पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत माजलेले असताना एक पुंगळी कमी भरली की संपूर्ण तुकडी ओणवी होऊन गवत विंचरत बसते, आणि सापडते तेव्हा ती तांबड्या मातीने माखलेली, खड्यासारखी दिसणारी असते. या शोधाला नवे शिपाई कंटाळतात. तरीही तो योग्यच आहे, कारण घोड्याच्या पिनेचा, चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचा आणि पुंगळी बाहेर फेकणाऱ्या आकड्याचा ठसा तिच्यावर राहतो, आणि गुन्ह्याच्या तपासात याच ठशांवरून पुंगळी आणि हत्यार यांची सांगड घातली जाते. वारंवार भरलेल्या पुंगळीवर, टोपीसोबत बदलणारा पिनेचा ठसा सोडला तर, असे ठसे एकावर एक साचतात आणि तपासनिसाचे काम अवघड होते, हाही एक विचार करण्यासारखा भाग आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी बाराबोअरच्या बंदुकीचा परवाना असलेले शेतकरी पुष्कळ आहेत. हा परवाना शिकारीचा नव्हे, हे येथे ओघाने सांगून ठेवतो. एकावेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते; दुकानदार विक्रीची नोंदही करतो. पण घरी आल्यावर खोके फाटते, काडतुसे डब्यात एकत्र पडतात आणि यंदाची कोणती, तीन पावसाळे काढलेली कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. समुद्रालगतच्या खाऱ्या दमट हवेत हा घोटाळा महागात पडतो. हल्लीच्या बऱ्याच काडतुसांचे बूड पितळी मुलाम्याचे पोलादी असते. मुलामा उडाला की गंज धरतो, आणि गंजलेले बूड नळीत अडकते किंवा बार फुसका जातो. येथे पुतण्याची रेघ उपयोगी पडते. दुकानातून आणल्याच दिवशी बुडाच्या कडेला मार्करने वर्षाचे दोन आकडे घालावेत, टोपी मात्र सोडून द्यावी, आणि जुनी आधी वापरावीत. डाग पडलेले काडतूस वापरूही नये आणि घरी फोडूही नये. ते परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात दाखवावे.

काडतुसे गोठ्याला लागून असलेल्या पडवीत किंवा त्यावरच्या माळ्यावर ठेवण्याची आपल्याकडची सवयही मोडायला हवी. ब्रिटिश लष्कराने हिंदुस्थानात पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला, तेव्हा पितळी पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत गेल्या, आणि या प्रकाराला इंग्रजीत पावसाळी हंगामावरूनच नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू तडकतो. गुरांचा गोठाही त्याला अपवाद नाही. याच कारणाने अमोनिया असलेले पितळ-पॉलिश काडतुसाला लावू नये, आणि देवघरातल्या समया उजळायला चिंच-आमसूल चालत असले तरी भरलेल्या काडतुसाला तेही लावू नये. कोरड्या फडक्याने पुसणे पुरते.

शाईच्या रंगाबाबत एक सूचना. लष्करी आणि काही कारखान्यांच्या काडतुसांत टोपीभोवती ओलावा अडवणारे लाल, हिरवे किंवा जांभळे लाखेसारखे कडे मूळचेच असते. आपली खूण त्याच्याशी घोटाळा करील असा रंग घेऊ नये, म्हणून काळा किंवा निळा मार्कर वापरावा. पुतण्यालाही मी हिरवा सोडून काळा घ्यायला सांगितले आहे.