एक स्टार देणाऱ्या ट्रकमालकांना इंदूरच्या देवास नाक्यावरून उत्तर

साहेब, तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. तुमच्या ट्रकचा क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ग्राइंड करायला चार दिवस सांगून नऊ लागले आणि मधे आमच्याकडून एक फोनही गेला नाही. चूक आमची. हात जोडून माफी मागतो.

पण "एकच पिन खराब होती, सहाही कापून पैसे उकळले" हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून रात्रभर झोप लागली नाही. (पिन म्हणजे क्रँकचा तो गोल भाग, ज्यावर कनेक्टिंग रॉड बसतो; कापणं म्हणजे ती घासून बारीक करणं.)

क्रँक तुमच्यासमोर व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवला होता. चौथ्या पिनवर तुम्ही स्वतः नख फिरवलंत आणि ते अडकलं. बाकीच्या पाच चकचकीत दिसत होत्या, पण मायक्रोमीटर उभा-आडवा लावला तर त्यातल्या दोन पाच-सहा शतांश मिलिमीटर लंबगोल निघाल्या. हे एवढंसं वाटतं. पण रॉडच्या टोकाचं बिगेंड बेअरिंग आणि पिन यांच्यात तेलाला जागाच साधारण तेवढी असते. पिन तेलाच्या त्या थरावर तरंगते. थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि नवं बेअरिंगही जळतं.

चौथी पिन दहा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) साफ झाली नाही, ओरखडा राहिला. वीस थाऊपर्यंत न्यावी लागली. आता बेअरिंगचा सेट एकाच साइजचा येतो. एका पिनला वीस थाऊचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, पिनला दोन) आणि पाचांना स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचे, असं काम मी करत नाही. पुढे रस्त्यात एखाद्या मिस्त्रीने सगळीकडे स्टँडर्ड टाकलं तर बारीक झालेल्या पिनवर ते ढिलं बसून कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. वीस थाऊचा सेट इंदूरच्या बाजारात मिळेना, बाहेरून मागवला. जास्तीचे दिवस त्यात गेले.

ऑइल प्रेशरचा काटा खाली असताना तुमच्या ड्रायव्हरने ठोकत्या इंजिनावर मानपूरचा घाट चढवला. हे त्यानेच सांगितलं. मी ना त्याला बोललो, ना तुम्हाला.

वडिलांनी 1987 साली एका लेथवर हे काम सुरू केलं. परवा एक जुना गाडीवाला तुमचा रिव्ह्यू दाखवून विचारत होता, "हे खरं का?" चार कारागिरांची घरं यावर चालतात, साहेब.

यापुढे किती पिना कापायच्या ते आधी लिहून देऊ, फोनचंही बघतो आहोत. तुमचे जुने बाराही शेल डब्यात जपून ठेवले आहेत. चौथ्या पिनच्या शेलचं तांबं उघडं पडलंय. कधीही येऊन बघा.